गिलानुपट्ठाक : परिचारकाचे मनोबल आणि विनयाचे अनुशासन

ब्रह्मपुरी हे नगर पूर्व विदर्भात दवाखान्यांसाठी परिचित आहे. वैनगंगेपलीकडील गडचिरोलीच्या वनप्रदेशातूनही रुग्ण येथे आणले जातात. त्यांच्या उशाशी रात्र जागणारी परिचारिका चिडली तर तक्रार होते. ती मनाने खचली तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. परिचारकाच्या मनाचा हा प्रश्न बौद्ध परंपरेने मात्र प्राचीन काळीच विचारात घेतला होता.

विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग येतो. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांची रुग्णांविषयीची ही आस्था आवर्जून सांगितली आहे.

याच प्रकरणात चांगल्या परिचारकाचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण दिले आहेत : औषध सिद्ध करण्याची क्षमता, पथ्यापथ्याचे ज्ञान, लाभासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा, मलमूत्र, वांती काढताना किळस न वाटणे, आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देण्याचे सामर्थ्य. पहिले दोन गुण कौशल्याचे आहेत, उरलेले तीन प्रामुख्याने मनाचे. दुसरीकडे, पथ्य न पाळणारा, आपला आजार नीट न सांगणारा रुग्ण शुश्रूषेस कठीण असतो, हेही तेथे नमूद आहे. परिचारकाचे कष्ट विनयाने ओळखले होते, असा याचा अर्थ आहे.

तथापि विनय केवळ गुणांचा उपदेश करून थांबत नाही. उपाध्याय, आचार्य, शिष्य यांपैकी कोणी नसेल तर रुग्णाची सेवा संघाने करावी. न केल्यास तो दोष ठरतो. रुग्ण भिक्खूचे निधन झाल्यास त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. त्यांत श्रामणेर असेल तर त्यालाही समान वाटा मिळावा. सेवेच्या सन्मानात दर्जाची उतरंड येथे मानलेली नाही.

पुढे सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नोंदविले. संघाने मानलेली जबाबदारी येथे राज्याने स्वीकारली. ब्रह्मपुरीच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील देवटेकच्या प्राकृत शिलालेखात प्राणिहत्येस मनाई आहे. तो अशोककालीन असल्याचे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. करुणा ही राजाज्ञा म्हणून या वनप्रदेशापर्यंत पोहोचली होती, असे त्यावरून म्हणता येते.

आधुनिक काळात फ्रेड ल्युथान्स या अमेरिकन अभ्यासकाने आशा, आत्मविश्वास, आशावाद आणि संकटातून सावरण्याची शक्ती या चार गुणांना ‘मानसिक भांडवल’ म्हटले. हे गुण प्रशिक्षणाने वाढविता येतात, त्याने कर्मचाऱ्याचे स्वास्थ्य व कामावरील वर्तन सुधारते, असे हा विचार सांगतो. परिचारिकांसाठी असे प्रशिक्षण अवश्य व्हावे. परंतु पाळ्या लांबत असतील, मनुष्यबळ अपुरे असेल आणि अपमान नित्याचा असेल, तर मनोबल वाढविण्याचा उपदेश हे तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे ठरेल. मैत्रीचित्त परिचारिकेने जोपासावे. ते टिकेल अशी व्यवस्था करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. विनयाने दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात सांगितल्या आहेत, हे आपल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी ध्यानात घ्यावे.