हिरवा ठिपका कोण पाहतो?

आज आपण चंदीगडला जाऊ. ल कार्बूझिए यांच्या आराखड्यावर १९५१ पासून आकाराला आलेलं हे शहर. इथला एक सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा. पत्ता विचारला की लोक आधी आकडा सांगतात. कोण कुठे आहे हे कळायला याहून सोपं शहर नाही. तरीही २०२० मध्ये महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधायला घेतली, तेव्हा कामगार निषेधाला उभे राहिले. असं का झालं?

जरा मागं जाऊ. १९९० च्या सुमारास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत कर्मचारी एक बिल्ला लावत. तो दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेड खूण सोडी. माणूस कोणत्या खोलीत आहे ते कळे आणि त्याचा फोन तिथेच जोडून दिला जाई. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्यांनाही अचूक ठिकाण मिळू लागलं. २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आलं. त्यात मुदत आपण ठरवतो: पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. नको वाटलं की बंद.

चंदीगडच्या घड्याळात ही सोय नव्हती. कामगार म्हणजे अधिकाऱ्याच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका. बाथरूमला गेलो तरी कुणी पाहतंय, ही बायकांची धास्ती. हद्द ओलांडली तर पगार कापतील, ही सगळ्यांचीच. आपल्या नागपूर महापालिकेनं तर चंदीगडच्या आधीच अशी घड्याळं आणली होती.

आता समजा, शेजारच्या गल्लीत सोबतिणीची गाडी अडली. मदतीला धावणारी बाई पडद्यावर हद्दीबाहेर दिसते. तिनं सोबतिणीला हात दिला, पण नोंद झाली गैरहजेरीची. आणि सोबतीण कुठे अडली आहे, हे मात्र तिच्या घड्याळात तिला दिसत नाही.

आपल्या वारीत रथापुढे आणि रथामागे दिंड्यांना क्रमांक असतात. चुकलेला वारकरी तो क्रमांक विचारत आपल्या माणसांपर्यंत पोचतो. हीसुद्धा ठिकाणाची माहितीच, पण ती सगळ्यांची. म्हणून कुणी लोकेशन मागितलं की तीन गोष्टी विचारा: ते कोण पाहणार? मला इतरांचं दिसणार का? आणि मला ते बंद करता येईल का? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर ती सोबत. नाहीतर नुसता पहारा.