ऐकणारा हवा

वर्गात मोठ्याने पाठ म्हणणाऱ्या मुलांना मी पुष्कळदा गप्प केले आहे. पुढे ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या हाइनरिख श्लीमानचे आत्मवृत्त वाचले आणि ओशाळलो.

१८४४ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये तो रशियन शिकू लागला. शिक्षक मिळेना, जुने व्याकरण, कोश व एक भाषांतरित कथा एवढ्यावर भागविले. लिहायचे, पाठ करायचे, मोठ्याने म्हणायचे, हा नित्यनेम. श्रोत्यावाचून पाठांतर रंगेना, म्हणून आठवड्याला ४ फ्रँक देऊन एका गरीब यहुद्याला रोज संध्याकाळी २ तास समोर बसविले. त्या बिचाऱ्याला रशियनचे अक्षरही कळत नव्हते! शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे दोनदा बिऱ्हाड हलवावे लागले. पण ६ आठवड्यांत श्लीमानने पहिले रशियन पत्र लिहिले.

वाचकहो, घरातले मूल परकी भाषा घोकू लागले, तर घटकाभर समोर बसा. समजले नाही तरी चालेल.