पेव आणि थेंब

कोल्हापुरात मेदाविषयी बोलावयाचे, तर आरंभ गंगावेशीतच केला पाहिजे. कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांवर या नगरीतील मल्ल पोसले. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, त्याच्याही आधीपासून हा खुराक चालत आला असावा. जोर-बैठका सुटल्या आणि खुराक तसाच राहिला की पैलवान 'सुटतो', हे तालमीत कोणाला सांगावे लागत नाही.

याचे मर्म पेशीत आहे. अन्नातील स्नेह रक्तावाटे मेदपेशीत पोचतो व तेथे एका मोठ्या थेंबाच्या रूपाने साठतो. पेशीचे केंद्रक बिचारे कडेला दाबले जाते. एक ग्रॅम साखरेतून चार उष्मांक मिळतात, मेदातून नऊ. मेहनत सुरू झाली की थेंबातून मेदाम्ले सुटतात आणि स्नायूंत दोन-दोन कार्बनांचे तुकडे होऊन जळतात. हे दोन-दोनांचे गणित क्नूप याने १९०४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडले.

तरीही मेद म्हणजे पेवात पुरलेले धान्य, दुष्काळातच उकरावयाचे, अशी विद्वानांची समजूत होती. ती रूडॉल्फ शोएनहायमर याने मोडली. हिटलर सत्तेवर येताच, १९३३ साली, हा ज्यू शास्त्रज्ञ जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. तेथे यूरी यांनी नुकताच जड हायड्रोजन शोधला होता. त्याची खूण केलेला मेद १९३५ मध्ये शोएनहायमर व रिटेनबर्ग यांनी उंदरांना चारला. खाद्य इतके बेताचे की उंदरांचे वजन घटत होते. मग हा मेद लागलीच जळून जावयास हवा होता. पण त्यातील बराचसा अंगच्या चरबीत सापडला. पेव उघडेच होते. जुना दाणा निघत होता, नवा पडत होता.

चरबी खुराकाने जमते, हा तालमीचा हिशेबही पुढे अपुरा ठरला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची मापे घेतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू तोकडे होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. त्यांच्या माता कष्टकरी, अंगाने किडकिडीत. दुधातुपाचा खुराक त्यांच्या वाट्याला कधी आला असेल, असे आम्हांस वाटत नाही.