होमबली आणि यिर्मया : एक तळटीप

१२. मिसर देशातून पूर्वजांना बाहेर आणले तेव्हा होमांविषयी आपण आज्ञा केली नव्हती, असे देव यिर्मया ७:२२ मध्ये सांगतो. लेवीयचे पहिले ७ अध्याय मात्र अर्पणांच्या आज्ञांनीच भरले आहेत. बंगळुरूच्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाने छापलेले मराठी पवित्र शास्त्र हाताशी असेल, तर यिर्मयाचा तो अख्खा अध्याय वाचावा. संदेष्टा मंदिराच्या दारात उभा आहे. चोरी करून, खून पाडून, खोट्या शपथा घेऊन आत येणाऱ्यांना तो सुनावतो आहे. होमबली वेदीवर संपूर्ण जाळायचा, त्याचे मांस कोणी खायचे नाही. तेही खुशाल खा, असे २१ व्या वचनात तो म्हणतो. विधीचा इतिहास सांगताना कोणी या स्वरात बोलत नाही. काही अभ्यासक येथे दोन वेगळ्या परंपरा मानतात. त्या मताला आधार आहे, पण तेवढ्याने भागत नाही. खुद्द लेवीय ६:१-७ पाहावे : लुबाडलेले परत करायचे, वर पाचवा हिस्सा द्यायचा आणि मग दोषार्पणाचा मेंढा आणायचा. आधी माणसाची भरपाई, नंतर वेदी. स्तोत्र ५१ मध्ये तर १६ व्या वचनात बली नाकारला आहे, १९ व्यात स्वीकारला आहे. मधे आहे भग्न हृदय. (अखेरची २ वचने मागाहून जोडली असावीत, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत.) होशेय ६:६ चा आधार येशू मत्तयात दोनदा घेतो, तो याच अर्थाने. इब्री १०:४ चा प्रश्न वेगळा. तो लेवीय १७:११ सोबत ठेवून वाचावा. — संपादक