नादेयी

नदीकांठीं फिरावयास जाणाऱ्या वाचकांनीं पाण्यावर ओणवलेलें, पानांची पाठ फिकट रुपेरी असलेलें एक झाड पुष्कळदां पाहिलें असेल. तेंच वाळुंज. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत सुह्मांनीं रघूपुढें वेतसाप्रमाणें वांकून आपला जीव वांचविला; तो वेतस म्हणजे वेत कीं वाळुंज, याविषयीं मतभेद आहे. सुह्म देश बंगालकडचा. तेथें दोन्ही उगवतात, म्हणून देशावरून निकाल लागत नाहीं! अमरकोशांत मात्र वेतसाहून अंबुवेतस निराळा सांगितला असून त्यास नादेयी, म्हणजे नदीची लेक, असेंही नांव आहे. आमच्या मतें वाळुंजास तेंच शोभतें.

रॉक्सबर्गसाहेबानें १७९५ पासून निघूं लागलेल्या आपल्या कारोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथांत त्यास नांव दिलें तें चार बियांवरून. झाडाचें निम्मे चरित्र त्या बियांतच आहे. कापसासारखे तंतू ल्यालेलें बीं वाऱ्यावर दूर जातें, पण त्याचें आयुष्य थोड्या दिवसांचें. तेवढ्यांत पाणी ओसरून उघडा पडलेला ओला गाळ मिळाला तर तें रुजतें, नाहीं तर फुकट जातें. शिवाय नर व मादी झाडें वेगळीं. एकट्या उरलेल्या मादीस बीं धरणार कोठून?

त्याचीं मुळें कांठची माती धरून ठेवतात. आम्ही त्याच कांठांस दगडी भिंती बांधतों. तेथें गाळ सांचत नाहीं. जुनें झाड उभें असतें, खालीं रोप एकही नसतें. ओल्या मातींत खोंचलेली फांदी मात्र अजून मूळ धरते.