छत्रांची वाट

तंजावरहून ओरत्तनाडू सुमारे 23 किलोमीटर. ओरत्तनाडूहून पट्टुकोट्टै साधारण तेवढेच. तिथून समुद्रकाठचा मनोरा आणखी वीसेक किलोमीटर. मोटारीत बसलेल्याला या आकड्यांत विशेष काही दिसत नाही. पाय चालवणाऱ्याला लगेच दिसते, की एकेक टप्पा म्हणजे एका दिवसाची मजल आहे. गाठोडे, पोर आणि म्हातारी आई बरोबर घेऊन सेतूला, म्हणजे रामेश्वराला, निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत जेवढे चालेल, तेवढेच हे अंतर. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांना आपल्या राजांचे म्हणून मोठे देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल दाखवायची सवय लागली आहे. (मोठे देऊळ तर चोळांचे, आमच्या राजांनी त्याच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसल्यांचा भला लांब इतिहास कोरून घेतला, एवढेच.) माझे मत विचाराल तर भोसल्यांचे खरे काम या वाटेवर आहे, आणि ते सायकलवरून जास्त नीट दिसते.

आमचे घराणे 1676 च्या सुमारास एकोजीराजांबरोबर आले की मागाहून प्रतापसिंहांच्या वेळी, यावर घरात एकमत नाही. सायकलींवर मात्र आहे: घरातली जागा त्या अडवतात. एक जुनी, अंबत्तूरच्या कारखान्यातली, दांड्यांच्या ब्रेकची, 28 इंची चाकांची. तो कारखाना 1949 साली मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर काढला, आणि हर्क्युलस, बीएसए ही नावे आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत गेली ती तिथून. दुसरी गिअरची, हलकी. लांब जायचे असेल तर ही दुसरी. आदल्या रात्री मी तिची साखळी फुटपट्टीने मोजतो. चोवीस कड्या म्हणजे बरोबर 12 इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंचाने वाढल्या की साखळी बदलायची, नाहीतर ती मागच्या चक्राचे दात खाते. मग चाक फिरवून आउट आहे का पाहायचे, ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे टोचणीने काढायचे, हवा मारायची. उन्हाच्या आधी अंतर कापायचे, म्हणून निघतो तो चार वाजता.

देऊळ मागे टाकले की कालव्याचा पूल येतो. आमच्याकडे त्याला ‘पुदु आरु’, नवी नदी म्हणतात. मेट्टूर धरणाबरोबर 1934 मध्ये हा कल्लनैचा मोठा कालवा पुरा झाला आणि कावेरीचे पाणी प्रथमच या दक्षिणेकडच्या उंच भागात चढले. आज ओरत्तनाडूपर्यंत दोन्ही बाजूंना भात दिसतो, म्हणून हा मुलूख पहिल्यापासून असाच हिरवा असेल असे वाटते. तसे नव्हते. त्रिभुज प्रदेशाची काळी गाळाची जमीन मागे राहते, लाल मुरमाड माती सुरू होते. ती पावसाळ्यात साखळीवर चिकटते आणि उन्हाळ्यात नाकात जाते. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरहून दक्षिणेला निघालेला वाटसरू सुजलाम् मुलूख सोडून कोरड्यात शिरत होता. छत्र, म्हणजे वाटसरूला जेवण आणि आसरा देणारी धर्मशाळा, इथे का हवे, हे त्या मातीवरून कळते.

ओरत्तनाडूचे छत्र दुसऱ्या सरफोजींनी 1802 च्या सुमारास बांधले, मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ. ती राणी नव्हती. गावाचे नावही त्या वेळी मुक्तांबाळपुरम् झाले. इतर छत्रे बहुधा राण्यांच्या नावांची: नीडामंगलमला यमुनांबा, मणमेलकुडीला द्रौपदांबा, मिमिसलला राजकुमारांबा. नकाशावर ही नावे जोडत गेलात तर बोट आपोआप समुद्रकाठाने रामेश्वराकडे सरकते.

मुक्तांबेच्या छत्रात पुढे बरीच वर्षे शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. सायकल भिंतीला टेकवून मी आधी बाहेरूनच एक फेरी मारतो. जोत्याला चाके आणि जुंपलेले प्राणी कोरून सगळी इमारत रथासारखी केली आहे. आत चौक, भोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या. आपल्याकडचा मोठा वाडा आणि तमिळ मंडप एकत्र बांधायला घेतल्यासारखे ते दिसते.

पण इमारतीपेक्षा तिचा कारभार मोठा. 1799 च्या तहाने सरफोजींकडून सगळे राज्य कंपनीने घेतले. किल्ला, वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राजाला उरले. छत्रांच्या खर्चाला लावून दिलेली गावेही जाणार अशी भीती होती. तेव्हा 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिले. राजाने स्वतःसाठी काही मागावे अशी ती वेळ. या पत्रात मागणे आहे ते छत्रांसाठी. छत्रात काय चालते, हे त्यांनी बारकाईने सांगितले आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, येईल त्याला शिजवलेला भात. शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्रीपर्यंत वाढणे चालू. मग घंटा वाजवून दवंडी द्यायची, की कोणी जेवायचा राहिला असेल तर त्याने यावे. चार वेदांचे चार शिक्षक, एक पंतोजी, रोगांवर, सुजेवर आणि विषारी दंशांवर उपचार करणारे वैद्य. वाटेत आईबाप गमावलेली पोरे पंतोजीच्या हवाली. त्यांना तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाणे, आवडेल ती विद्या, आणि शिकून तयार झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्राचा. आजारी वाटसरू बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न.

पंगती जातवार वेगळ्या असणारच. तो काळ तसा होता, उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शिवाय हा भात ज्या कुळांच्या कष्टातून येत होता, त्यांची नावे पत्रात नाहीत. तरी मध्यरात्रीची घंटा मला सोडत नाही. अन्नदान करणारे पुष्कळ असतात. आपल्या दारात कोणी उपाशी झोपला नाही ना, हे रोज विचारण्याची नेमणूक करणारा राजा विरळा.

1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राहिलेसाहिले खालसा केले. छत्रे सरकारच्या ताब्यात गेली. खरा घाव मात्र आगगाडीने घातला. नागपट्टणम ते तंजावर रूळ 1861 मध्ये आले, 1914 मध्ये पांबनचा पूल होऊन गाडी थेट रामेश्वरात पोचली. चालणाराच उरला नाही, तर घंटा कोणासाठी वाजवायची?

पुढे या रस्त्यांवर पायांनी चालणारे वाहन पुन्हा आले ते सायकलच्या रूपाने. शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात 1991-92 च्या साक्षरता मोहिमेत तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवायला घेतली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सा, शिक्षिका, हजारोंनी शिकल्या. पी. साईनाथ यांनी ते लिहून देशाला सांगितले. 2001 पासून राज्य सरकारने आधी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना आणि पुढे अकरावीतल्या सर्वच मुलामुलींना सायकली दिल्या. सकाळी आठच्या सुमारास ओरत्तनाडूच्या पुढे मला समोरून त्यांचे थवे भेटतात. माझ्या चकचकीत गिअरकडे मुले बघतात, आणि चढाला तीच माझ्यापुढे निघून जातात.

पट्टुकोट्टैच्या अलीकडे झाडाखाली एक सायकल दुरुस्तीवाला बसतो. पाण्याची परात, सोल्युशनची ट्यूब, पाने, डब्यात छर्रे. माझ्या मागच्या चाकाची एक तार सैल झाली होती. त्याने चाक न काढता, ब्रेकच्या रबराला लागते कुठे एवढे बघून, दोन मिनिटांत ती बसवली. पैसे विचारले तर म्हणाला, “सार, लांब निघालाय. येताना द्या.” मी तिथल्या तिथे दिले, कारण येताना तो जेवायला गेलेला असू शकतो.

पट्टुकोट्टैनंतर नारळच नारळ. 16 नोव्हेंबर 2018 च्या गज वादळात हे पट्टे आडवे झाले होते. अजून मधेच मोकळी जागा आणि नवी रोपे दिसतात. मग खारा वारा आणि सेतुबावाछत्रम्. समर्थ संप्रदायातल्या सेतुबावांचा मठ तंजावरात आहे. त्यांचे नाव इथे मासेमारी करणाऱ्या गावाला चिकटले आहे आणि गावातल्या फार थोड्यांना त्याचे मूळ ठाऊक आहे.

जवळच मनोरा. सहा कोनांचा, आठ मजली, 1814-15 मध्ये सरफोजींनी उभारलेला. कशासाठी? इंग्रजांच्या विजयाच्या आणि नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ. ज्या कंपनीने राज्य घेतले तिच्याच जयाची ही खूण. अनेक भाषांत कोरलेला लेख, त्यात आपली मराठीही. 2004 च्या त्सुनामीनंतर दुरुस्ती झाली, आता बाग आहे, सहली येतात. राजाच्या या दोन बांधकामांपैकी लोकांनी पाहण्याजोगे कोणते ठरवले, ते गर्दीवरून कळते. माझे मत उलटे आहे. मनोऱ्यात लाचारी आहे, निदान मुत्सद्देगिरी. छत्रात राज्य गेल्यावरही न सोडलेले राजेपण आहे.

परतल्यावर अंघोळीआधी सायकल. खाऱ्या वाऱ्याने साखळी एका रात्रीत तांबूस होते, म्हणून गोड्या पाण्याने धुणे, फडक्याने कोरडी करणे, प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एक थेंब आणि वरचे पुसून घेणे. तेल आत हवे. बाहेर राहिले तर फक्त धूळ धरते.

छत्रांचे हिशेब मोडीत आहेत. ती बाडे तंजावरात आहेत, तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काहींचे तमिळ भाषांतरही केले आहे. मोडी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनी इथे येऊन ती वाचावीत, अशी माझी जाहीर विनंती आहे. त्या मुक्कामातला एक दिवस ओरत्तनाडूसाठी ठेवा. तंजावरात भाड्याने सायकल मिळाली तर उत्तम, नाहीतर माझी जुनी आहे. पंप आणि पंक्चरचे सामान मात्र बरोबर घ्या; पट्टुकोट्टैच्या आधी झाडाखालचा माणूस भेटेलच याचा भरवसा नाही.