वाळवंटातल्या खुंट्या आणि लेसरचा किरण

वाढ शिकवताना आपण मुलांना मोड आलेला हरभरा रोज मोजायला सांगतो. आठवड्याभरात फरक दिसतो. पण जे झाड पहिल्या सात-आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढते, त्याची नोंद कशी ठेवायची?

असे झाड म्हणजे सवारो, अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातला खांबासारखा निवडुंग. या राज्यात टूसॉन गावाजवळ तुमामॉक नावाची टेकडी आहे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०३ मध्ये तिथे वाळवंटी वनस्पतींसाठी प्रयोगशाळा उघडली.

सवारोच्या खोडावर उभ्या घड्या असतात. एफी स्पॉल्डिंग यांनी त्या मोजून १९०५ मध्ये निबंध लिहिला. पाऊस पडला की मुळे पाणी शोषतात, घड्या उलगडतात आणि खोड फुगते. कोरड्या दिवसांत ते पुन्हा आक्रसते. हार्मोनियमचा भाताच म्हणा ना! साल न फाटता पाणी साठवण्याची ही युक्ती साध्या मोजमापातून उलगडली.

त्यांचे पती व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी १९०६ मध्ये टेकडीवर काही चौकोन आखले आणि त्यांतल्या झाडांची नोंद केली. १९०८ मध्ये आलेल्या फॉरेस्ट श्रीव यांनी हे काम पुढे नेले. १९४० मध्ये कार्नेगी संस्थेने प्रयोगशाळा सोडली. काम तिथेच थांबायचे, पण जागा राखली गेली. १९६० मध्ये ती ॲरिझोना विद्यापीठाकडे आली. त्यांतले काही चौकोन शंभर वर्षांनंतरही मोजले गेले. हेस्टिंग्ज आणि टर्नर यांनी तर जुनी छायाचित्रे घेऊन, नेमक्या त्याच जागी उभे राहून नवी काढली आणि १९६५ मध्ये दोन्ही शेजारी-शेजारी छापली.

छायाचित्राला खोली नसते. ती उणीव लेसरने भरून काढली. तिपाईवर ठेवलेले यंत्र चहूकडे प्रकाशाचे स्पंद सोडते. दहा मीटरवरच्या फांदीवर आपटून प्रकाश सुमारे ६७ नॅनोसेकंदांत परततो (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). त्यावरून अंतर कळते. असे लाखो बिंदू जमले की झाडाची त्रिमिती आकृती उभी राहते. ओकोटीयो हे झुडूप पावसानंतर काही दिवसांतच पानांनी भरते आणि ओल सरली की पुन्हा काटकुळे होते. पावसाआधीची व नंतरची आकृती ताडून पाहिली, तर किती पालवी आली याचा अंदाज येतो, आणि एक पानही तोडावे लागत नाही.

पण अडचणी आहेतच. वाऱ्याने फांद्या हलतात, पुढच्या फांदीमागची दडून राहते. म्हणून चार बाजूंनी मापे घ्यावी लागतात. शिवाय दोन ऋतूंच्या आकृत्या एकमेकींवर बसवायच्या तर जमिनीवर न हलणाऱ्या खुणा हव्यात; नाहीतर झाड वाढले की यंत्र सरकले, हे कळणार नाही. म्हणजे पुन्हा खुंटीच!

लेसर आजची आकृती अचूक देतो. १९०६ ची देऊ शकत नाही. ती कोणीतरी त्याच वेळी वहीत लिहून ठेवली, म्हणूनच आपल्याकडे आहे. चुकलेले माप पुन्हा घेता येते, चुकलेला ऋतू नाही.

शाळेच्या आवारातले एखादे झाड निवडा. खुंटी ठोका, खोडाचा घेर आणि पालवीची तारीख एका वहीत लिहा. ही मुले पुढच्या वर्गात गेली की वही मात्र नव्या मुलांच्या हाती द्या.